रेडिओचं रान

पडदे शिवायच्या कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणायचे. कापडाला चुण्या घालताना ती टाचण्या ओठांत धरून ठेवायची, आणि ओठांत टाचण्या असलेल्या माणसाला बोलता कुठे येतं? सुपरवायझरने काही विचारलं की ती मान हलवायची. पुढे पुढे टाचण्या नसल्या तरी मानच हलवायची सवय लागली. बोलण्यासारखंही तिच्याकडे फारसं काही नव्हतं. लग्न करायचं वय आईच्या आजारपणात निघून गेलं. आई गेली तेव्हा लग्नाचं कोणी नाव काढेना. भाऊ दुसऱ्या गावी, वहिनी तोंडापुरती गोड. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीत एक कुंडी, आणि दिवसभर कानात मशीनची घरघर, एवढाच तिचा संसार.

तिच्या शेजारच्या मशीनवर बसायची ती रेडिओ. सकाळी मशीनवरचं झाकण काढलं की ही सुरू, संध्याकाळी झाकण घातलं की बंद. वीज गेली तर मशीन थांबायची, ही थांबायची नाही. सासू, नवरा, मुलगी, वाण्याच्या दुकानातलं भांडण, सगळं ती एका दमात सांगायची. पण खरी रंगायची ती रानाबद्दल बोलताना.

"आमच्या रानात ना," अशी तिची सुरुवात असायची, आणि टाचणीचे कान टवकारायचे.

रेडिओ लहानपणी आपल्या आत्याकडे वाढली होती म्हणे. हिरव्या दाराचं घर. घरात चार आतेभावंडं, आणि घरामागे शेतं संपली की रान. रानाच्या मधोमध तळं. पाणी इतकं नितळ की तळाशी पडलेली पानंसुद्धा मोजून घ्यावीत. मोठ्या आतेभावाने ओंडके बांधून तराफा केला होता, तो एकदा मधोमध सुटला आणि सगळे पाण्यात पडले. मधला भाऊ गाणारा. धाकटी बहीण चिडकी, तिला झाडावर चढवून ठेवायचं आणि खाली उतरू द्यायचं नाही. टाचणीला ही मंडळी पाठ झाली होती. कधी रेडिओ गप्पगप्प असली की ती ओठांतल्या टाचण्या काढून मुद्दाम विचारायची, "मधल्याचं पुढे काय झालं गं?" की झालं, रेडिओ पुन्हा वाजायला लागायची.

आपल्या खोलीत दिवा मालवून पडलं की टाचणी त्या रानात एक चक्कर मारून यायची. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं का ते? पन्नाशी उलटलेली बाई दुसऱ्याच्या लहानपणात फिरते म्हटल्यावर लोक हसले असते.

मग रेडिओचा नवरा गेला, आणि मुलीने तिला आपल्याकडे नेलं. लांब, एका दिवसात जाऊन येता येणार नाही इतकं लांब. निघायच्या दिवशी रेडिओने तिला मिठी मारली आणि म्हणाली, "फोन करीन हं रविवारी." आणि करायचीही. पण फोनवरची रेडिओ वेगळी होती. "बरी आहेस ना? गुडघे काय म्हणतात? चल, ठेवते, जावई आले." रानाचं नाव नाही.

तिच्या मशीनवर एक तरुण मुलगी आली. कामाला चपळ, स्वभावाने चांगली, पण दिवसभर कानात बोंडं घालून गाणी ऐकायची. टाचणीच्या दोन्ही बाजूंना आता नुसती घरघर उरली.

पानगळीच्या दिवसांत कारखान्याच्या छपराचं काम निघालं. मालकाने सगळ्यांना काही दिवस सुट्टी दिली. बायका खूश झाल्या. कोणी माहेरी, कोणी लेकीकडे. सुपरवायझरने टाचणीला विचारलं, "तुम्ही काय करणार, ताई?" तिने मान हलवायच्या ऐवजी चक्क उत्तर दिलं, "गावाला जाणार." स्वतःचंच बोलणं ऐकून तिला नवल वाटलं. तिला गाव नव्हतंच. जे होतं ते रेडिओचं.

गावाचं नाव इतक्या वेळा ऐकलेलं की तिकीट काढताना ती अडखळली नाही. शेवटच्या बसमध्ये ती आणि एक पोतं घेतलेला म्हातारा, एवढेच. म्हातारा मधेच उतरला. ड्रायव्हरने तिला चौरस्त्यावर सोडलं आणि काच खाली करून म्हणाला, "परतीची बस दिवसाआड असते हं, बाई. उद्या उभ्या राहाल इथे, तर उभ्याच राहाल."

बस गेली आणि इतकी शांतता पसरली की टाचणीने कानात बोट घालून हलवून पाहिलं. मशीनच्या आवाजात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला शांतता म्हणजे कान बिघडल्यासारखंच वाटतं. दोन्हीकडे कापणी झालेली शेतं, मधून रचीव दगडांचे बांध, आणि पलीकडे झाडांची काळसर रेघ. ते पाहून ती पटकन दोन पावलं पुढे गेली. एखादं ओळखीचं माणूस लांबून दिसावं तसं.

गावात पाहुण्यांना खोली देणारी एकच बाई होती. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. दार उघडून तिने टाचणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोणाकडे आलीस?"

"कोणाकडे नाही, मावशी. रान बघायला आले."

"रान?" मावशीने मागे वळून असं पाहिलं, जणू रान रात्रीतून काही वेगळं झालं असावं. "बघ बाई. पळून नाही जायचं ते. आधी जेव."

जेवण झाल्यावर ऊन होतं तोवर टाचणी निघाली. वाट सापडायला काहीच अडचण आली नाही. शेवटचं शेत, मोडकं फाटक, मग उतार. सगळं तंतोतंत रेडिओने सांगितल्यासारखं. झाडांखाली शिरताच उजेड बदलला. पाय ठेवला की पानं चुरचुरत, पाय उचलला की पुन्हा काही नाही. शेवाळाने हिरव्या झालेल्या खोडांना हात लावत ती चालली. आता तळं येईल, या वळणानंतर येईल.

वळण आलं, आणि झाडं विरळ झाली. पलीकडे शेत दिसलं, शेतात मेंढ्या. रान संपलं होतं.

"एवढंच?" ती मोठ्याने म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

तिला वाटलं, वाट चुकली. ती मागे फिरली, डावीकडे गेली, उजवीकडे गेली. एका बाजूला बारीकसा ओढा लागला, घोटा बुडेल एवढ्या पाण्याचा. तो धरून ती चालत राहिली, तर तो दगडी बांधाखालून शेतात निघून गेला. नेच्यांमध्ये आणि झुडपांत शिरली, काटे लागले, बाहीचा धागा निघाला. ऊन उतरेपर्यंत तिने रान आडवंतिडवं पालथं घातलं. तळं नव्हतं. तळं असावं असा खोलगट भागही नव्हता.

परतली तेव्हा मावशी चुलीपुढे बटाटे सोलत बसली होती. टाचणीने दुसरी सुरी घेतली आणि तिच्यासमोर बसली.

"मावशी, तळं आटलं का?"

"कसलं तळं?"

"रानातलं. मधोमध होतं ना?"

मावशी हसली. "अगं, तळं असतं तर आम्ही धुणी घेऊन ओढ्यावर कशाला मरायला गेलो असतो? मी सून होऊन आले या घरात, तेव्हापासून ओढाच बघतेय. तोही उन्हाळ्यात रुसतो. कोणी सांगितलं तुला तळ्याचं?"

टाचणीने बटाट्यावरून नजर काढली नाही. "एक मैत्रीण आहे माझी. इथे वाढली, आत्याकडे. हिरव्या दाराचं घर."

"हिरवं दार होतं खरं. ती समोरची पडकी भिंत दिसते ना, तेच. पण त्या बाईला मूलबाळ काही नव्हतं."

"चार मुलं होती ना?"

"चार? एकसुद्धा नाही. त्यामुळेच तर तिचा स्वभाव तसा झाला, बोलणं नाही, चालणं नाही." मावशीची सुरी थांबली. "थांब हं. एकदा उन्हाळ्यात एक पोर आली होती तिच्याकडे. भावाची मुलगी. आई आजारी म्हणून पाठवलेली. किडकिडीत, डोळे एवढाले. आत्या सकाळी तिला घराबाहेर काढायची आणि संध्याकाळी आत घ्यायची. दिवसभर रानात एकटी. मी आमच्या पोरांना म्हणायचे, जा रे, तिच्याशी खेळा. पण पोरं कसली ऐकतात! शहरातली म्हणून चिडवायची. एक उन्हाळाच होती ती. मग तिचा बाप येऊन घेऊन गेला. तीच का गं तुझी मैत्रीण?"

"तीच असेल," टाचणी म्हणाली.

"काय करते आता?"

"लेकीकडे असते."

मावशीने समाधानाने मान हलवली आणि पुढचा बटाटा घेतला.

त्या संध्याकाळी टाचणीने ताट अर्ध्यावरच सरकवलं. राग आला होता, आणि रागावण्याची तिला सवय नव्हती, त्यामुळे तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. इतकी वर्षं! मधला भाऊ गातो म्हणून तिने त्याच्यासाठी मनात एक चेहरा तयार केला होता. तराफा उलटल्याच्या गोष्टीला ती दर वेळी नव्याने हसली होती. धाकटीचं लग्न ठरलं असं रेडिओने सांगितलं, तेव्हा हिने घरी जाऊन उगाचच नवी साडी नेसून पाहिली होती. आपण म्हणजे काय, बोळ्याने दूध पिणारं लेकरू? का कोणीही काहीही सांगावं आणि आपण मान हलवावी?

दुसऱ्या दिवशी बस नव्हती. खोलीत बसून करायचं काय? मावशी शेजारणीकडे गेली होती. टाचणी पुन्हा रानातच गेली, पण या खेपेला काही शोधायला नाही. शोधायचं काही उरलं नव्हतं. वाट जाईल तशी ती गेली आणि दमल्यावर एका पडलेल्या खोडावर बसली.

आता रान रेडिओचं नव्हतं. नुसतं रान होतं. एक सुतारपक्षी कुठेतरी ठोकत होता, थांबत होता, पुन्हा ठोकत होता. त्याला कोणी उत्तर देत नव्हतं आणि त्याला त्याचं काही वाटतही नसावं. वारा आला की वरून पानं सुटायची आणि घाई नसल्यासारखी खाली यायची. एक तिच्या मांडीवर पडलं. तिने ते उचलून पाहिलं, कडेला कुरतडलेलं, मधे ठिपके. एक ससा नेच्यांतून बाहेर आला, तिच्याकडे बघत राहिला आणि परत गेला.

ऊन डोक्यावर आलं तशी तिला भूक लागली. बरोबर आणलेली भाकरी तिने सोडली, आणि खाता खाता तिच्या मनात आलं, त्या पोरीला दुपारी कोणी खायला देत होतं का? सकाळी बाहेर काढलेली, संध्याकाळी आत घेतलेली. एवढाल्या डोळ्यांची. ती कुठे बसत असेल? याच्यासारख्याच कुठल्यातरी खोडावर. आई जगते की मरते हे कळत नाही, सांगायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही. एवढासा दिवस, पण रानात एकट्या पोराला तो केवढा होत असेल.

टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्या पोरीसाठी होतं की आपल्यासाठी, हे तिला नीट सांगता आलं नसतं. तिने भाकरीचा उरलेला तुकडा चुरून खोडावर ठेवला आणि उठली. कोणासाठी ठेवला, तेही तिला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी फोन वाजला.

"काय गं, सुट्टी होती म्हणे तुम्हाला? कशी काढलीस?"

"मी गेले होते," टाचणी म्हणाली. "तुझ्या गावाला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एकदम, "अगं बाई, गॅसवर भाजी आहे माझी, करपेल. ठेवते हं."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. टाचणीने स्वतः लावून पाहिला तर जावई म्हणाले, "आई झोपल्यात." पुन्हा लावला तर बाहेर गेल्यात. टाचणीला हसावं की रडावं कळेना. जिचं तोंड कोणी बंद करू शकलं नाही, तिला आपल्या एका वाक्याने मिठाची गुळणी धरायला लावली होती. कशाला सांगितलं? मान हलवायची सवय चांगली होती तीच. कारखान्यात ती चुकीच्या बाजूला दुमड घालू लागली, शिवलेलं उसवू लागली. संध्याकाळी खोलीत येऊन फोन समोर ठेवून बसायची, आणि अंधार झाला तरी दिवा लावायचं राहून जायचं. एवढं एकटं तिला आई गेल्यावरही वाटलं नव्हतं. आई गेली तेव्हा निदान दुसऱ्या दिवशी शेजारच्या मशीनवर कोणीतरी "आमच्या रानात ना," म्हणणारं होतं.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, फोन आला. रविवार नव्हता.

"रागावलीस?" रेडिओने विचारलं. काही नमस्कार-चमत्कार नाही.

"हो."

"अजून?"

"थोडीशी."

रेडिओ खोकली. "कोणी सांगितलं तुला?"

"एक मावशी आहेत. त्या म्हणाल्या, आत्याला मूल नव्हतं."

"नव्हतं," रेडिओ म्हणाली. "कोणीच नव्हतं गं. मी शाळेत परत गेले ना, तेव्हा पोरींनी विचारलं, कुठे होतीस? मी म्हटलं, आतेभावंडांकडे. त्यांनी विचारलं, काय काय केलंत? मग मला सांगावंच लागलं. तिथे सुरू झालं ते. नवऱ्यालाही तेच सांगितलं होतं मी. त्याने कधी नीट ऐकलं नाही म्हणून निभावलं. तू ऐकायचीस. तू वर विचारायचीस, मधल्याचं पुढे काय झालं. मग मी काय करू? घरी जाऊन विचार करायचे, उद्या हिला मधल्याचं काय सांगायचं."

टाचणीला हसू फुटलं. तिने हात तोंडावर धरला. शेजारची मुलगी कानातलं बोंड काढून बघायला लागली.

"हसतेस काय?" पलीकडून रेडिओ म्हणाली, पण तिचाही आवाज सैल झाला होता. "आई त्याच उन्हाळ्यात गेली माझी. मला कोणी कळवलंही नाही. बाबा न्यायला आले तेव्हा वाटेत सांगितलं."

हे रेडिओने याआधी कधीच सांगितलं नव्हतं. टाचणीने फोन कानाशी घट्ट धरला. ती म्हणाली, "हूं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "हूं."

"आता मी तुझ्याशी काय बोलणार, सांग बघू? होतं नव्हतं ते सगळं तू बघून आलीस." मग आवाज खाली आणून, जणू कोणी दाराआड उभं असावं तशी म्हणाली, "इथेही कोणी बोलत नाही गं माझ्याशी. लेक कामावर. जावई चांगले आहेत, पण त्यांना कामापुरतं बोलायची सवय. नातवंडांना माझं बोलणं निम्मं कळत नाही. सकाळी सगळे जातात आणि संध्याकाळी येतात. मधला दिवस मी आणि खिडकी."

टाचणीला वाटलं, म्हणावं, ये परत. पण परत कुठे? रेडिओचं घर विकलं गेलं होतं, आणि टाचणीच्या खोलीपर्यंतचे दोन जिने तिचे गुडघे चढणारे नव्हते. दोघींनाही ते माहीत होतं.

"मी सांगू का, मी काय बघितलं ते?" तिने विचारलं.

"सांग."

आणि टाचणी सांगायला लागली. तिला सांगता येत नव्हतं, पुढचं आधी, मागचं नंतर असं होत होतं. पोतं घेतलेला म्हातारा सांगायचा राहिला म्हणून ती पुन्हा बसपर्यंत मागे गेली. सुतारपक्ष्याचं सांगितलं, सशाचं सांगितलं. रान इतकं लहान निघालं की ती पलीकडून मेंढ्यांमध्येच जाऊन पोचली, हे सांगितल्यावर रेडिओ खदखदून हसली आणि म्हणाली, "मला केवढं वाटायचं ते!" हिरव्या दाराची आता नुसती भिंत उरली आहे, हेही टाचणीने सांगितलं. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. डबा तसाच राहिला.

त्यानंतर फोन येत राहिले, पण दर रविवारी नाही. कधी लवकर, कधी महिना उलटून. रेडिओ पूर्वीसारखी कधी वाजली नाही. थकली होती, आणि तिचा दमही कमी झाला होता. कधी कधी ती फक्त म्हणायची, "तूच बोल आज." मग टाचणी कारखान्यातलं काही सांगायची.

पुढच्या पानगळीत सुट्टी नव्हती. टाचणीने मागून घेतली. सुपरवायझरने विचारलं, "परत गावाला?" ती म्हणाली, "हो." चौरस्त्यावर उतरली तेव्हा पाऊस पडून गेला होता, वाट निसरडी होती. मावशी आता कानाने अधू झाली होती. तिने दार उघडून विचारलं, "कोणाकडे आलीस?" टाचणीने मोठ्या आवाजात, दोनदा सांगितलं, "रान बघायला आले, मावशी." मावशीला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण ती बाजूला झाली आणि टाचणी पिशवी घेऊन आत गेली.